विश्लेषण : गॅलरीतल्या कुंडीत नवा गुलाब जन्माला घालता येतो का?

मावळातल्या पॉलिहाऊसमधला गुलाब फुलतो इथे, पण त्याची पैदास बहुतेक वेळा परदेशात झालेली असते. त्याच पट्ट्यातल्या मोशी, चिखली किंवा चाकणच्या सोसायटीत राहणाऱ्या हौशी बागप्रेमीला स्वतःचे नवे वाण तयार करता येईल का? तंत्र सोपे आहे, कायदाही आडवा येत नाही. प्रश्न आहे तो वेळेचा, जागेचा आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचा.

इथल्या गुलाबाचे मायबाप कोण?

फेब्रुवारी उजाडला की मावळातले गुलाब विमानाने परदेशी निघतात. तळेगाव दाभाडेजवळ एमआयडीसीने उभारलेले फ्लोरिकल्चर पार्क आणि आसपासच्या गावांतली पॉलिहाऊस यांचे वर्षाचे गणित बरेचसे ‘व्हॅलेंटाइन डे’च्या आधीच्या पंधरवड्यावर ठरते. ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहाल’ ही नावे इथल्या शेतकऱ्याच्या तोंडात भाताच्या वाणांइतकीच सहज येतात. मात्र पॉलिहाऊसमधली अशी बहुसंख्य वाणे युरोपातल्या पैदासकार कंपन्यांकडून येतात. ज्या वाणावर हक्क राखलेला असतो, त्याच्या प्रत्येक रोपामागे रॉयल्टी मोजावी लागते.

या कंपन्या गुलाब निवडतात तो कशासाठी? लांब सरळ दांडा, घट्ट कळी, खोक्यात बंद होऊन प्रवास केल्यावरही फुलदाणीत टिकण्याची ताकद. झाड प्लास्टिकच्या छताखाली, ठिबकवर, मोजून खत घेत वाढणार हे त्यांनी गृहीत धरलेले असते. सुवास बहुधा यादीत खाली असतो. असे झाड हौसेने गच्चीवर आणले की जुलैच्या पावसात पानांवर काळे ठिपके पडतात, पाने गळतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत जातात. दोष झाडाचा नाही. मोशीच्या पाचव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गॅलरीसाठी त्याची पैदासच झालेली नव्हती. त्या गॅलरीसाठी गुलाब तयार करणे कोणत्याही मोठ्या कंपनीला परवडणार नाही. हौशी माणसाला जागा आहे ती नेमकी इथे.

एका रोपावर काम भागते, ते कसे?

‘संकरित’ म्हटले की आपल्याला आठवते ते बियाण्याचे पाकीट. संकरित झेंडूचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर फुले एकसारखी येत नाहीत, हा अनुभव अनेकांनी घेतलेला असतो. पहिल्या पिढीत एकत्र आलेले गुण पुढच्या पिढीत विखुरतात. बियांपासून लावायच्या पिकात नवे वाण करायचे तर गुण स्थिर होईपर्यंत अनेक पिढ्या निवड करावी लागते. नाहीतर आईबापांच्या शुद्ध ओळी सांभाळून दरवर्षी नव्याने संकर करावा लागतो. गॅलरीत यातले काही जमणार नाही.

गुलाब, जास्वंद, बोगनवेल यांची गोष्ट वेगळी. ही झाडे आपण बियांपासून वाढवतच नाही. छाट कलम करतो किंवा जंगली गुलाबाच्या खुंटावर डोळा भरतो. कलमातून येणारे प्रत्येक झाड मूळ झाडाची नक्कलच असते. म्हणून शंभर रोपांत एकच मनासारखे निघाले तरी काम झाले. त्या एका रोपाचे डोळे भरत राहिले की वाण तयार.

आणि मनासारखे निघण्याची शक्यता का असते, तर आजचा बागेतला गुलाब आतून बराच मिश्र आहे. गेल्या दोन-अडीचशे वर्षांत चीन, युरोप आणि पश्चिम आशियातल्या गुलाबांचे त्यात इतके मिश्रण झाले आहे की एकाच फळातल्या दहा बियांतून दहा वेगळी फुले येऊ शकतात. सख्ख्या भावंडांचे चेहरे वेगळे असतात तसेच. मोठ्या कंपन्या दरवर्षी हजारो रोपे लावून त्यातून मोजकी ठेवतात. आपण चाळीस लावू. आपली कसोटीही वेगळी आहे : फूल विमानाने जाणार नाही, झाड मात्र मे आणि जुलै दोन्ही महिने तगले पाहिजे.

सुरुवात जास्वंदीपासून का करावी?

चिंचवडच्या मोरया गोसावी मंदिराबाहेर जी एकेरी तांबडी जास्वंद मिळते, ती पुणे परिसरात घरोघरी आहे. तिला बोंड धरलेले फारसे कुणी पाहिलेले नसेल. शेकडो वर्षे ती फांद्या लावून वाढवली गेली आणि तिच्यात बी धरण्याची क्षमता फारच थोडी आहे. जास्वंदीची ही जात रानात निश्चितपणे कुठेच सापडत नाही. ती मुळात माणसाने जोपासलेल्या जुन्या संकरातूनच आली असावी, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. गणपतीला वाहतो ते फूलच संकरित, असे म्हणायला हरकत नाही.

मोठ्या रंगीत फुलांच्या जास्वंदींत मात्र बी धरणारी झाडे सापडतात. देशभरच्या रोपवाटिकांत ‘पुणे व्हरायटी’ या नावाने बुटक्या, चकचकीत पानांच्या, दोन-तीन रंगांच्या फुलांच्या जास्वंदी विकल्या जातात. हे व्यापारातले नाव आहे, एका वाणाचे नाही. पाटीवर मायबाप कोण ते लिहिलेले नसते. प्रयोगासाठी त्यातलीच दोन-तीन झाडे घ्यावीत. कोणते झाड आई म्हणून चालते आणि कोणते फक्त बाप म्हणून, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

शिकायला जास्वंद सोपी, कारण सगळे अवयव उघड्यावर असतात. फुलाच्या मध्यातून जी लांब नळी बाहेर येते तिच्या अंगावर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच गोल ठिपके असतात. ते ठिपके म्हणजे कुक्षी. सकाळी फूल उमलले की आईच्या फुलावरचे परागकोश चिमट्याने किंवा नखाने काढून टाकायचे. साडेआठ-नऊनंतर परागकोश फुटून पराग मोकळे होऊ लागतात, तेव्हा दुसऱ्या झाडाचे फूल तोडून आणायचे आणि त्याची नळी हलक्या हाताने या पाच ठिपक्यांवर फिरवायची. पाचही ठिपके पिवळे दिसले पाहिजेत. देठाला दोरा बांधून चिठ्ठी लावायची : आधी आईचे नाव, मग बापाचे, मग तारीख. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावे, शाई पाण्याने जाते. पहिल्या पाळीला बस पकडणाऱ्याला हे रविवारीच जमेल, कारण जास्वंदीचे फूल एका दिवसाचे सोबती आहे.

पुण्याच्या हवेत यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. कडक उन्हात आणि सततच्या पावसात फळ गळते. चार-पाच दिवसांत फूल देठासकट पडले तर संकर फसला. देठ हिरवा राहून तळाशी गोळा फुगू लागला तर जमला. बोंड तयार व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. ते तपकिरी होऊन तडकते आणि बी उडून शेजाऱ्याच्या गॅलरीत जाते, म्हणून आधीच जाळीची छोटी पिशवी बांधावी. बियांचे कवच कठीण असते. नेलकटरने कडेला बारीक छेद देऊन रात्रभर कोमट पाण्यात भिजवले की एक-दोन आठवड्यांत कोंब येतात. पहिले फूल दिसायला मात्र एक ते दीड वर्ष जाते आणि तेवढ्या काळात मिलीबग येणार हे धरूनच चालावे.

गुलाबात नेमके काय करायचे?

इथे घाई करावी लागते ती फूल उमलण्याच्या आधी. गुलाबाचे फूल पूर्ण उघडेपर्यंत त्याचेच पराग त्याच्या कुक्षीवर पडून गेलेले असू शकतात. म्हणून कळी अर्धवट सुटली, रंग दिसू लागला की तिच्या पाकळ्या हाताने काढून टाकायच्या. आत मध्यभागी कुक्षींचा झुपका आणि त्याच्याभोवती पुंकेसरांचे कडे दिसते. बारीक चिमट्याने सगळे पुंकेसर काढायचे, एकही ठेवायचा नाही. मग बटर पेपरची टोपी घालायची. हे काम कामावरून आल्यावर संध्याकाळीही करता येते.

काढलेले पुंकेसर फेकू नयेत. ते कागदावर पसरून सावलीत एक दिवस ठेवले की पिवळी पूड सुटते. हीच दुसऱ्या संकरासाठी बापाकडची शिदोरी. कोरड्या डबीत फ्रिजमध्ये ती काही आठवडे टिकते. दुसऱ्या दिवशी आईची कुक्षी चिकट झालेली असते. तिच्यावर बोटाने किंवा लहान ब्रशने ही पूड लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा लावायची आणि आठवडाभर टोपी ठेवायची.

खूप भरगच्च पाकळ्यांचा गुलाब बाप म्हणून निराशा करतो. त्याचे बरेचसे पुंकेसर पाकळ्यांत बदललेले असतात, त्यामुळे पराग जेमतेम मिळतात. आई म्हणून मात्र अशातलीही काही झाडे चालतात. ओळखायची खूण साधी आहे : फूल न तोडता झाडावरच राहू दिले आणि नंतर तिथे नारिंगी फळ धरले, तर ते झाड फळ पोसू शकते.

आपल्याकडे गुलाबाची छाटणी पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात होते आणि दीड महिन्यात बहर येतो. म्हणजे नोव्हेंबरअखेर ते जानेवारी हा संकराचा हंगाम. फळ पिकायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये लावलेले पराग उन्हाच्या तडाख्यात सापडतात. पिकलेले फळ फोडून बी धुवायचे, ओलसर टिश्यू पेपरमध्ये गुंडाळायचे आणि डबीत घालून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, सहा ते आठ आठवडे ठेवायचे. गुलाबाच्या बियांना थंडी सोसल्याशिवाय जाग येत नाही. जून-जुलैच्या दमट हवेत कोवळी रोपे बुडातून कुजतात, म्हणून बी कोरड्या डबीत ठेवून फ्रिजमधला मुक्काम ऑगस्टमध्ये सुरू करावा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरावे, हे सोयीचे.

हिशेब आधीच मांडलेला बरा. समजा वीस फुलांवर पराग लावले आणि आठ फळे धरली. प्रत्येकी दहा म्हटले तर ऐंशी बिया. चौथा हिस्सा उगवला तर वीस रोपे. बारमाही फुलणाऱ्या गुलाबाचे रोप दोन-तीन महिन्यांचे असतानाच बोटभर उंचीवर पहिली इवलीशी कळी देते, तो क्षण हौशी माणसाला पुढची पाच वर्षे पुरतो. पण पहिल्या फुलावर निकाल देऊ नये. पाकळ्यांची संख्या आणि आकार पुढच्या बहरात बदलतात. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढल्यावर वीसपैकी एक ठेवण्याजोगे निघाले, तर ते चांगले वर्ष समजावे.

हे हौसेखातर कुणी केले आहे का?

भारतातल्या गुलाबाच्या पैदाशीतली दोन मोठी नावे पोटापाण्यासाठी भलतेच काम करत होती. डॉ. बेंजामिन पिअरी पाल (जन्म १९०६) हे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला तोंड देणारा गहू तयार करणे हे त्यांचे काम. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ते संचालक होते आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झाले. गुलाब हा त्यांचा छंद. ‘दिल्ली प्रिन्सेस’, ‘बंजारन’, ‘डॉ. होमी भाभा’ ही त्यांची वाणे. गहू आणि गुलाब दोन्हीकडे हात तोच, चिमटाही तोच.

दुसरे एम. एस. वीरराघवन. आयएएस अधिकारी असताना त्यांनी गुलाबाचे संकर सुरू केले, मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि पत्नी गिरिजा यांच्यासह कोडाईकॅनालला मुक्काम हलवला. त्यांचा मुद्दा आपल्या गॅलरीशी थेट संबंधित आहे. युरोपच्या थंडीसाठी तयार झालेला गुलाब भारतात आणून त्याचे लाड करण्यापेक्षा भारतातल्या रानगुलाबांचे रक्त त्यात आणावे, असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी बंगाल-बिहारच्या पाणथळ भागांतला, ऊन आणि ओल दोन्ही सोसणारा ‘रोझा क्लायनोफिला’ आणि मणिपूरच्या डोंगरातला ‘रोझा जायगँटिया’ वापरला.

यात एक अडचण असते. रानगुलाबात गुणसूत्रांचे बहुधा दोन संच असतात, म्हणजे १४ गुणसूत्रे. बागेतल्या बहुतेक गुलाबांत चार संच, म्हणजे २८. दोघांचे मूल २१ वर येते, आणि विषम आकड्यामुळे ते बरेचदा पुढे बी धरत नाही. चिकाटीने एखादे फळ देणारे झाड शोधावे लागते. हे काम तीन वर्षांच्या नफ्याच्या हिशेबात बसत नाही, माणसाच्या आयुष्यात मात्र बसते.

अडते कुठे?

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येते. हद्दीबाहेरच्या, चाकणकडच्या अनेक सोसायट्या टँकर आणि बोअरवेलवर आहेत. तीस-चाळीस कुंड्यांना एप्रिल-मेमध्ये रोज पाणी घालणे हा घरातल्या वादाचाही विषय होऊ शकतो. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, पाने पिवळी पडतात. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे नको. अनुभवी बागप्रेमी मार्चआधीच निम्मी रोपे निर्दयपणे काढून टाकतात. भुरी धरणारे गेले, वाढ न झालेले गेले. रोपाला जीव लावला की हे जमत नाही आणि सगळीच कुपोषित राहतात.

आणखी एक : प्रत्येक नवे फूल संकरातूनच येते असे नाही. कधी झाडाच्या एकाच फांदीवर वेगळ्या रंगाचे फूल येते. हा त्या फांदीतल्या पेशींत आपोआप झालेला बदल. बोगनवेलीची कितीतरी वाणे अशीच मिळाली आहेत. फांदी दिसली की लगेच कलम बांधावे, पुढच्या छाटणीत माळ्याच्या हातून ती जाऊ शकते.

कंपनीच्या वाणाचे पराग वापरले तर गुन्हा होतो का?

नाही. भारतात वनस्पतीचे पेटंट मिळत नाही, पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) मध्ये ते वगळले आहे. अमेरिकेत मात्र १९३० मध्ये वनस्पती पेटंटचा कायदा झाला आणि १९३१ मध्ये पहिले पेटंट मिळाले ते ‘न्यू डॉन’ या वेली गुलाबालाच. आपल्याकडे त्याऐवजी ‘वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१’ आहे. नोंदणी झालेल्या वाणाची रोपे तयार करून विकण्याचा हक्क त्या पैदासकाराचा. पण कलम ३० नुसार कोणीही ते वाण प्रयोगासाठी आणि नवे वाण तयार करताना मूळ झाड म्हणून वापरू शकतो. मर्यादा एकच : नव्या वाणाच्या व्यापारी उत्पादनासाठी तेच झाड पुन:पुन्हा आई किंवा बाप म्हणून लागत असेल तर परवानगी हवी. गुलाबात संकर एकदाच करायचा आणि पुढे कलमे, त्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही.

गल्लत होते ती दुसरीकडे. संरक्षित वाणाच्या फांद्या लावून त्यांची रोपे समाजमाध्यमांवर विकणे आणि त्या वाणाचे पराग घेऊन स्वतःचे रोप तयार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी नोटीस येऊ शकते, दुसऱ्यासाठी नाही.

नवे वाण आपल्या नावावर होते का?

होते. अर्ज करायला कंपनी किंवा विद्यापीठच असावे लागते असे नाही, एकटी व्यक्तीही पैदासकार म्हणून अर्ज करू शकते. या कायद्याखालच्या प्राधिकरणाचे मुख्यालय दिल्लीत असून शाखा कार्यालय पुण्यातही आहे. ती वनस्पती अधिसूचित यादीत आहे का, हे आधी पाहावे. गुलाब आणि शेवंती यादीत आहेत. वाण नवे, इतरांहून वेगळे, एकसारखे आणि स्थिर असावे लागते. त्याची चाचणी ठरलेल्या केंद्रात होते आणि त्यासाठी पुरेशी रोपे स्वतः तयार करून द्यावी लागतात. शुल्कही भरावे लागते. संरक्षण झाडे आणि वेलींना १८ वर्षे, इतर पिकांना १५ वर्षे मिळते. एका गॅलरीतल्या एका गुलाबासाठी हा खटाटोप बहुतेकांना परवडणार नाही, आणि करायलाच हवा असेही नाही.

ज्यांना पुढे कधी करायचा असेल त्यांनी एक तारीख सांभाळावी. भारतात वाणाची विक्री सुरू होऊन अर्जाच्या वेळी एक वर्षाहून अधिक काळ लोटला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते वाण ‘नवे’ राहत नाही. हौसेने दोनशे रुपयांना एकेक कलम विकायला सुरुवात केली आणि तीन वर्षांनी अर्जाचा विचार आला, तर दार बंद झालेले असते. आधी फुलाची पारख करून घ्यायची असेल तर झाड न विकता फूल दाखवावे. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरणारे पुष्पप्रदर्शन आणि रोझ सोसायटी ऑफ पुणेची प्रदर्शने यांत जुनी जाणती माणसे भेटतात. आपले ‘नवे’ फूल चाळीस वर्षांपूर्वीच्या कुठल्या वाणासारखे दिसते, हे ती लगेच सांगतात.

नाव ठेवतानाही नियम आहेत. नुसते आकडे चालत नाहीत, कुणाच्या धार्मिक भावना दुखावणारे किंवा दिशाभूल करणारे नाव चालत नाही. आणि नावात गावाचे नावही सहसा चालत नाही. म्हणजे ‘चाकण सुंदरी’ असे ठरवून ठेवले असेल, तर त्या नावाचा वापर प्रामाणिक आहे हे आधी निबंधकाला पटवावे लागेल.